पाठीचा कणा आणि हत्यारामागचे हात

१

हाडे कापायच्या हत्यारांवर या नियतकालिकात लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. विज्ञानाची ओळख करून देणाऱ्या मासिकांत असा लेख शोभला असता, इथे त्याचे काय काम? माझे उत्तर सरळ आहे. हत्यार ही समाजाने घडवलेली वस्तू आहे. ते कोणाच्या हाताच्या मापाने बनवले, बनवण्यापूर्वी कोणाला विचारले, ते कोण धुतो आणि त्याने कोणाचे शरीर कापले जाते, या साऱ्या गोष्टी त्याच्या आकारात उतरलेल्या असतात. त्या वाचता आल्या पाहिजेत. आपल्या चळवळीतील अनेक तरुण आज वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकत आहेत. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

मी शस्त्रवैद्य नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी हा व्यवसाय शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यातली बरीच वर्षे मी एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातली हत्यारे धार लावून, पिना बदलून, स्प्रिंगा बसवून देत असे. माझ्या शिकंज्यात जी हत्यारे येत, त्यांत मणक्याच्या शस्त्रक्रियेची हत्यारे सर्वांत अवघड असत. म्हणून तीच मी उदाहरणादाखल घेतो. हत्यारात सुधारणा म्हणजे नेमके काय, ती कुठून सुरू होते आणि कुठे अडते, हे त्यांच्यावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल.

२

आधी कण्याची रचना थोडक्यात समजून घेऊ. आपल्या कण्यात हलणारे चोवीस मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५. त्याखाली त्रिकास्थी आणि माकडहाड. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग जाड ठोकळ्यासारखा असतो, तो वजन पेलतो. मागच्या बाजूला हाडाची कमान असते. ठोकळा आणि कमान यांच्यामध्ये जी पोकळी उरते, ती एकावर एक रचली जाऊन एक नळी तयार होते. या नळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली येतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका असतो. या सर्वांभोवती एक चिवट पातळ आवरण असते आणि त्यात पाण्यासारखा द्रव असतो. दोन मणक्यांमध्ये जी चकती असते तिला आपण बोलताना गादी म्हणतो.

गादी फाटून तिचा गाभा मागे सरकला की तो मज्जातंतूच्या मुळावर दाबतो आणि कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. ही गोष्ट आज घरोघरी माहीत आहे. पण या दुखण्याचे नेमके कारण फाटलेली गादी आहे, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शस्त्रवैद्यांनी १९३४ साली ठामपणे मांडले, तेव्हा कुठे तिच्यावरच्या शस्त्रक्रियेचा रस्ता खुला झाला. दुसरे दुखणे म्हणजे नळी अरुंद होणे. कमरेत या नळीची समोरून मागे खोली साधारणपणे १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते. वय आणि झीज यांमुळे हाड वाढते, बंध जाड होतात आणि ही खोली १० मिलिमीटरच्या खाली गेली की माणसाला थोडे चालले तरी बसावे लागते. तिसरे, आपल्या देशात अजूनही न संपलेले दुखणे म्हणजे मणक्याचा क्षय. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने १७७९ साली त्याचे वर्णन केले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि हाडाच्या क्षयात मणक्याचा क्षय सर्वांत अधिक आढळतो. त्यातील बहुतेक रुग्ण औषधांनी बरे होतात. पण मज्जारज्जूवर दाब आला, पाय लुळे पडू लागले किंवा कुबड वाढू लागले तर शस्त्रक्रिया करावी लागते.

ओझे वाहणारे, वाकून पेरणी-कापणी करणारे आणि दाटीच्या खोलीत राहणारे, यांची पाठ या दुखण्यांच्या वाटेवर अधिक उभी असते, हे वेगळे सांगायला नको. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली एका पुरुष कामगाराने हाताने उचलायच्या वजनाची मर्यादा ५५ किलोपेक्षा अधिक असू नये अशी शिफारस केली. आपल्या बाजारपेठांत त्यापूर्वी शंभर किलोची पोती माणसाच्या पाठीवरून जात होती. तेव्हा कण्यावरच्या हत्याराचा विचार हा केवळ श्रीमंतांच्या दुखण्याचा विचार नाही.

३

आता हत्याराकडे वळू. मागच्या बाजूने नळीत शिरायचे तर कमानीचे हाड थोडे थोडे काढावे लागते. लाकूड तासावे तसे ते तासता येत नाही, कारण हाडाच्या पलीकडे काही मिलिमीटरवर मज्जातंतूंचे आवरण असते. यासाठी जे हत्यार सर्वत्र वापरतात त्याला केरिसन पंच म्हणतात. त्याची कल्पना बसच्या कंडक्टरच्या तिकीट-पंचावरून करता येईल. दोन लांब दांड्या एकावर एक बसवलेल्या असतात. खालची दांडी स्थिर. तिच्या टोकाला वर वळलेले लहानसे पाऊल असते. वरची दांडी खालच्या दांडीवरच्या खाचेतून पुढे सरकते. मूठ दाबली की वरच्या दांडीची धार पावलावर येऊन बसते आणि मधले हाड कापले जाते. पाऊल हाडाखाली, म्हणजे हाड आणि आवरण यांच्या मधल्या फटीत सरकवायचे असते. १ मिलिमीटरपासून ५-६ मिलिमीटरपर्यंत निरनिराळ्या रुंदीचे पंच मिळतात.

हे पाऊल हाच सगळ्या रचनेचा गाभा आहे. शस्त्रवैद्याला ते जितके पातळ तितके हवे. नळी आधीच अरुंद झालेली. त्यात जाड पाऊल घालणे म्हणजे ज्या मज्जातंतूला मोकळे करायचे त्यालाच आणखी दाबणे. पण माझ्यासारख्या जोडाऱ्याला दुसरी गोष्ट दिसते. पाऊल म्हणजे एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला मोकळी अशी छोटी तुळई आहे. तिची जाडी निम्मी केली तर तिची ताकद निम्मी होत नाही. ती एक चतुर्थांश होते. आणि तेवढ्याच जोराखाली तिचे वाकणे दुप्पट होत नाही. ते आठपट होते. वाकलेल्या पावलावर धार नीट बसत नाही, आणि तुटलेले पाऊल नळीत राहते. म्हणजे 'पातळ करा' एवढे सांगून भागत नाही. पातळ करायचे तर पोलाद बदलावे लागते, त्याला पाणी देण्याची पद्धत बदलावी लागते, पावलाच्या मुळाशी कोपरा न ठेवता गोलाई द्यावी लागते, कारण तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो. शिवाय अशा हत्याराने एका वेळी कमी हाड कापायचे, हेही वापरणाऱ्याला शिकवावे लागते. एका मिलिमीटरच्या काही भागासाठी इतक्या माणसांचे एकमत व्हावे लागते.

दुसरा प्रश्न मुठीचा. मूठ लांब केली की तरफेच्या नियमाने हाताला कमी जोर लागतो, पण त्या प्रमाणात बोटांना अधिक अंतर मिटावे लागते. फुकट काही मिळत नाही. माणसाच्या पकडीचा जोर मुठीतले अंतर पाच सेंटिमीटरच्या आसपास असताना सर्वांत अधिक असतो; अंतर त्याहून बरेच वाढले की जोर झपाट्याने कमी होतो. ज्यांचे पंजे लहान, त्यांना हा अडथळा आधी येतो. ही हत्यारे ज्या काळात आणि ज्या देशांत घडली, तिथे शस्त्रवैद्य बहुधा पुरुषच असे, आणि माप त्याच्या पंज्याचे घेतले गेले. आज शस्त्रक्रियागृहात मुली मोठ्या संख्येने येत आहेत. त्यांना दोन्ही हातांनी पंच दाबावा लागतो, तेव्हा 'तुमच्या हातात ताकद कमी' असे त्यांना ऐकवले जाते. हातात ताकद कमी नसते. मुठीचे माप चुकीचे असते. हातमोजे निरनिराळ्या मापांचे मिळतात, मूठ मात्र एकाच मापाची, हे कसले शास्त्र?

तिसरा प्रश्न दृष्टीचा. यासारगिल आणि कास्पार यांनी १९७७ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकातून गादीची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. जखम तीन सेंटिमीटरच्या आसपास आली. १९९७ साली फोली आणि स्मिथ यांनी नळीतून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत पुढे आणली. तिच्यात स्नायू कापून बाजूला न ओढता, एकापेक्षा एक मोठ्या नळ्या सरकवून वाट केली जाते. जखम लहान झाली तशी जुनी हत्यारे नडू लागली. सरळ दांड्याचे हत्यार धरले की धरणाऱ्याचा हातच त्याच्या नजरेआड येतो. म्हणून दांडा मध्येच पायरीसारखा मोडून मूठ बाजूला नेली गेली. बंदुकीच्या संगिनीवरून त्या आकाराला नाव पडले. आरशासारखे चकचकीत पोलाद सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर दिव्याखाली डोळे दिपवते, म्हणून पृष्ठभाग मंद किंवा काळा करण्यात आला. बाजारात चकचकीत हत्यार 'चांगले' दिसते; कामाच्या जागी मंद हत्यार चांगले असते.

हाड घासून काढणाऱ्या वेगवान यंत्राची गोष्टही अशीच. त्याचे फिरते टोक मिनिटाला साठ-सत्तर हजार फेरे घेते. घर्षणाने उष्णता होते. हाड ४७ अंश सेल्सियसवर एक मिनिट राहिले तरी त्याला इजा होते, असे एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन या स्वीडिश संशोधकांनी १९८३ च्या सुमारास दाखवून दिले. म्हणून टोकावर सतत पाणी सोडावे लागते. म्हणजे यंत्र विकत घेतले एवढ्याने काम होत नाही. पाणी सोडणारा हात, ते ओढून घेणारी नळी आणि दोघांचे भान, हे सारे त्या यंत्राचेच भाग असतात.

४

आतापर्यंत मी शस्त्रवैद्याच्या हाताविषयी बोललो. पण त्या हत्याराला आणखी हात लागतात. प्रत्येक वेळी हाडाचा तुकडा कापला की पंचाच्या तोंडात तो अडकतो. शेजारी उभी असलेली सिस्टर ओल्या गॉजने तो पुसून घेते. एका शस्त्रक्रियेत असे कितीतरी वेळा होते. तुकडा आपोआप बाहेर पडेल अशी तोंडाची रचना केली तर तिचे आणि रुग्णाचेही कितीतरी मिनिटे वाचतात.

त्यानंतरचा हात धुणाऱ्याचा. माझ्या त्या रुग्णालयात हत्यारे धुण्याचे काम एक मावशी करीत. पंचाच्या दोन दांड्यांमधली खाच ही घाण साठण्याची जागा. रक्त आणि हाडाचा भुगा तिथे शिरतो, वाळतो आणि दगडासारखा बसतो. निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात १२१ किंवा १३४ अंशांची वाफ देतात, पण वाफ ज्या पृष्ठभागाला लागते तिथेच काम करते. वाळलेल्या भुग्याखाली ती पोचत नाही. मावशी जुन्या सुईने ती खाच कोरून काढीत आणि मग हत्यार दिव्यासमोर धरून बघत. एकदा हत्यारे माझ्या हाती देताना त्या म्हणाल्या, "मास्तर, ह्याचं तोंड उघडतं, पण पाठ उघडत नाही. सगळी घाण पाठीत राहते. पाठ उघडेल असं का नाही करत?"

पंचाच्या रचनेविषयी इतके नेमके वाक्य मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. परदेशात अशी हत्यारे बनू लागली होती. त्यांची वरची दांडी एक कळ दाबताच उचलून वेगळी होते, ब्रशने घासता येते आणि पुन्हा बसते. ती महाग होती, एवढेच. मी एका निकामी पंचाची पक्की पिन काढून तिच्या जागी काढता-घालता येणारी पिन बसवून नमुना केला. रुग्णांवर वापरण्यासाठी तो नव्हता, दाखवण्यासाठी होता. पुढे नव्या हत्यारांच्या खरेदीची बैठक झाली. तिला डॉक्टर होते, कार्यालयातले लोक होते, पुरवठादार होता. मावशींना बोलावण्याचे कोणाला सुचले नाही. मी त्यांचे म्हणणे मांडले तेव्हा 'धुण्याचे धुणाऱ्यांकडे' असे उत्तर मिळाले आणि सर्वांत कमी भावाची निविदा मंजूर झाली.

या प्रसंगात कोणी दुष्ट नव्हते. बैठकीतली माणसे आपापल्या परीने प्रामाणिक होती. पण ज्या ज्ञानाला पद नाही त्याला ज्ञान मानायचे नाही, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती. धुणारा धुण्यातला तज्ज्ञ आहे हे त्यांना ठाऊक होते. धुणे हा रचनेचा भाग आहे हे ठाऊक नव्हते. नंतर एखाद्या रुग्णाच्या जखमेत पू झाला तर त्याचा जाब मात्र पहिल्यांदा मावशींनाच विचारला जाई. सल्ला द्यायचा अधिकार नाही, दोष घ्यायची जबाबदारी मात्र आहे. ही विभागणी आपल्याला अनोळखी नाही.

५

धातूविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण 'स्टेनलेस म्हणजे गंजत नाही' हा समज रुग्णालयांतही आढळतो. कापणाऱ्या हत्यारांच्या पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम असते आणि त्याला पाणी देऊन कठीण करता येईल इतका कार्बन असतो. क्रोमियममुळे पृष्ठभागावर अदृश्य असा संरक्षक थर बनतो. मिठाचे पाणी आणि ब्लीचिंगचे द्रावण हा थर फोडतात आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. शस्त्रक्रियेत सलाइन लागतेच. ते हत्यारावर तासन् तास वाळू दिले किंवा हत्यारे रात्रभर ब्लीचिंगच्या बादलीत बुडवून ठेवली, तर उत्तम पोलादही वाया जाते. शरीरात कायमचे ठेवायच्या सळ्या आणि स्क्रू निराळ्या पोलादाचे किंवा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. ते गंजाला अधिक तोंड देतात, पण त्यांना धार टिकत नाही. एकच धातू दोन्ही कामे करीत नाही.

धार ही चैनीची गोष्ट नाही. धारदार पंच हाड कापतो. बोथट पंच ते चावतो. हाड सुटले नाही की हात नकळत पिळतो आणि ओढतो, आणि हाडाला चिकटलेले आवरण त्याबरोबर फाटते. मणक्याच्या शस्त्रक्रियेत आवरण फाटणे हा नेहमी घडणारा अपघात आहे. धार तपासण्याची पद्धत अगदी साधी आहे: पोस्टकार्डासारखा जाड कागद पंचाच्या तोंडात धरून दाबायचा. तुकडा स्वच्छ तुटून पडला पाहिजे. कड फाटली किंवा कागद लोंबला तर पंच धारेला पाठवायचा. ही तपासणी करायला पदवी लागत नाही आणि पैसाही लागत नाही. तरी जिथे गोरगरीब जातात तिथे ती होत नाही, कारण नवीन हत्यार खरेदी करण्यासाठी पैसे मंजूर होतात, धार लावणाऱ्या माणसाचे पद मात्र रिकामे राहते.

वाईट हत्यारही माणसाला अपाय करते, याचा मोठा पुरावा इंग्लंडमध्ये मिळाला. दूषित हत्यारांतून मेंदूचा एक असाध्य रोग पसरेल या भीतीने २००१ साली तिथे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी एकदाच वापरून टाकायची हत्यारे सक्तीची करण्यात आली. हेतू चांगला होता. पण त्या हत्यारांमुळे रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो निर्णय मागे घ्यावा लागला. कागदावर निर्दोष असलेली योजना हातात धरल्यावर कशी वागते, हे आधी हातालाच विचारायचे असते.

६

रुग्णाला विचारून रचना केली की काय होते, याचे एक उदाहरण मेक्सिकोचे आहे. वाकडा कणा सरळ करण्यासाठी अमेरिकेतील ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओग्रस्त मुलांवर उपचार करता करता पोलादी सळीची पद्धत विकसित केली आणि १९६२ साली ती प्रसिद्ध केली. सळीच्या दोन टोकांना आकडे असत, ते कण्याच्या वाकाच्या वर आणि खाली अडकवून कणा ताणला जाई. ही पद्धत जगभर गेली. पण सगळा भार दोनच आकड्यांवर येत असल्याने शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कित्येक महिने धडभर प्लास्टर घालून राहावे लागे.

मेक्सिको शहरातील शस्त्रवैद्य एदुआर्दो लुके यांच्याकडे येणारे रुग्ण गरीब होते, लांबून येत होते. उष्ण हवेत धडभर प्लास्टर सोसणे अवघड, आणि ते तपासून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा शहरात येणे त्याहून अवघड. 'रुग्ण अडाणी आहेत, सूचना पाळत नाहीत' असे म्हणून लुके मोकळे होऊ शकले असते. त्यांनी उलट प्रश्न विचारला: प्लास्टर लागणारच नाही अशी जोडणी करता येईल का? १९७० च्या दशकात त्यांनी सळी प्रत्येक मणक्याच्या कमानीला तारेने बांधण्याची पद्धत काढली. भार दोन ठिकाणी न पडता दहा-बारा ठिकाणी वाटला गेला. बारा जण मिळून ओझे उचलतात तसेच हे. बहुतेक रुग्णांना प्लास्टरची गरज उरली नाही, आणि सळी व तार या दोन्ही स्वस्त वस्तू होत्या.

या पद्धतीला धोकाही होता. तार कमानीखालून, म्हणजे मज्जारज्जूच्या अगदी जवळून ओवावी लागते. पुढे फ्रान्समधील कोत्रेल आणि द्युबूसे यांची अनेक आकड्यांची पद्धत आली, मणक्यात मागून घालायचे स्क्रू रूढ झाले आणि तारा मागे पडल्या. पण भार अनेक मणक्यांवर वाटावा हे लुके यांचे तत्त्व आजच्या प्रत्येक जोडणीत आहे. तार आणि चौकट यांची स्वस्त जोडणी भारतातही क्षयाने खचलेल्या आणि अपघातात मोडलेल्या कण्यांसाठी वर्षानुवर्षे वापरली गेली. गरिबाची अडचण हा रचनेतला अडथळा मानला नाही, तर तिच्यातून नवी रचना जन्माला येते, एवढे यावरून सिद्ध होते.

७

शेवटचा हात घडवणाऱ्याचा. शस्त्रक्रियेची हत्यारे म्हटली की जर्मनीतील टुटलिंगेन या गावाचे नाव घेतले जाते. तिथे १८६७ पासून हा धंदा वाढला. पण जगातील हाताने घडवलेल्या हत्यारांचा फार मोठा भाग पाकिस्तानातील सियालकोटमध्ये बनतो. तिथल्या मिशन रुग्णालयाने आपली मोडकी हत्यारे गावच्या लोहारांकडे दुरुस्तीला दिली आणि त्यांनी दुरुस्त करता करता नवी घडवायला सुरुवात केली, असा त्या धंद्याचा उगम आहे. आज तिथे ऐरणीवर घडलेले, कानशीने घासलेले हत्यार परदेशात जाते आणि पुष्कळदा तिथल्या व्यापाऱ्याच्या छापाने विकले जाते. घासणाऱ्याच्या वाट्याला धातूची धूळ, कानठळ्या आणि तुटपुंजी मजुरी येते. लहान मुलेही या कामात होती. महमूद भुट्टा या ब्रिटनमधील शस्त्रवैद्यांनी २००६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून, बरे करण्याच्या हत्यारासाठी कोणाचे फुप्फुस निकामी होता कामा नये, अशा आशयाचा आग्रह धरला आणि या व्यापारात न्याय्य व्यवहाराची मागणी केली. हत्याराच्या सुधारणेत हीदेखील एक सुधारणा आहे.

आपल्याकडे हात आणि विद्या यांची ताटातूट कशी झाली, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत, आणि सर्व यंत्रांत हात हे प्रधान यंत्र मानले आहे. पण मनुस्मृतीने वैद्याचे अन्न त्याज्य ठरवले. रक्ताला, प्रेताला, पुवाला हात लावणारा अपवित्र, असे एकदा ठरल्यावर ज्यांच्याकडे पोथी राहिली त्यांच्याकडे हात राहिला नाही, आणि ज्यांच्याकडे हात होता त्यांना पोथी मिळाली नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात भारतातील विज्ञानाच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण हेच सांगितले आहे.

तरी हात मेला नव्हता. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक वृत्तांत छापून आला. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, त्याचे नाक कापले गेले, आणि पुढे पुण्याजवळ एका माणसाने कपाळावरची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. हा वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली ती शस्त्रक्रिया केली आणि युरोपात तिचा प्रसार झाला. त्या वृत्तांतात रुग्णाचे नाव आहे. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत. ती करणाऱ्याचे नाव नाही. तो विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा होता, एवढेच लिहिले आहे.

पावणेदोनशे वर्षांनंतरही चित्र फार बदलले नव्हते. जयपूरचा कृत्रिम पाय १९६८ च्या सुमारास तयार झाला, तो अस्थिशल्यचिकित्सक प्रमोद करण सेठी आणि फारसे न शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांच्या मिळून केलेल्या कामातून. अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसाला कसला पाय हवा, हे कारागिराच्या डोळ्याने पाहिले आणि डॉक्टरच्या ज्ञानाने तपासले. १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मात्र एकट्या डॉक्टर सेठींना मिळाला. सेठींचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. पण एका रचनेला दोन जनक असताना सन्मान एकाच्याच पदरी का पडतो, हे विचारले पाहिजे.

८

मग आपण काय करायचे? शस्त्रवैद्यक शिकणाऱ्यांनी आपल्याला नडणारे हत्यार मुकाट्याने सोसू नये. मूठ किती मोठी, दांडा कुठे आड येतो, हे मापासह लिहून ठेवावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी परदेशी चित्रांची नक्कल करण्याऐवजी आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या धुण्याच्या खोलीत चार दिवस उभे राहावे. आपल्या अनेक गावांत वैद्यकीय महाविद्यालय आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था एकाच रस्त्यावर आहेत, पण एका इमारतीतला माणूस दुसऱ्या इमारतीत जात नाही. शिक्षकांनी तो रस्ता ओलांडून द्यावा. मात्र एक पथ्य पाळावे. रुग्णावर वापरायचे हत्यार चाचणी आणि मान्यता यांशिवाय बदलायचे नसते. उत्साहापोटी कोणाच्या कण्याशी खेळता येत नाही. नमुना करावा, तपासून घ्यावा, मगच पुढे जावे.

आणि एक अगदी लहान सुरुवात उद्यापासून करता येईल. प्रत्येक शस्त्रक्रियागृहात एक साधी वही टांगावी. कोणते हत्यार अडकले, कोणते बोथट झाले, कशात घाण राहते, कशाने हात दुखतो, हे तिच्यात लिहावे. लिहिण्याचा अधिकार शस्त्रवैद्यांना जितका, तितकाच सिस्टरला, मामांना आणि मावशींना असावा. ज्याला लिहिता येत नाही त्याचे शब्द दुसऱ्याने जसेच्या तसे उतरवावेत आणि पुढे सांगणाऱ्याचे नाव घालावे, नुसते त्याचे पद घालू नये. खरेदीच्या बैठकीत सर्वांत आधी ही वही वाचली जावी, भावांची यादी नंतर उघडावी.